एक गोल आणि एक फटकारा

रामेश्वरला एका जागी निवांत बसलेला पाहिलेला माणूस पडेगावात शोधून सापडायचा नाही. चहा घेणार तो उभ्यानं, जेवताना ताटावरून दोनदा उठणार, आणि बसलाच कुठं तर त्याचं उजवं बोट काही बसणार नाही. मोटारसायकलच्या धुळकट टाकीवर, चहाच्या ओल्या टेबलावर, बायकोनं नुकत्याच पुसलेल्या ओट्यावर ते काहीतरी काढत राहणार. त्याची बायको रत्नमाला म्हणते, "ह्यांच्या अंगात देवानं इंजिन बसवलं, आन् किल्ली सोताजवळच ठिवून घेतली." पण त्या हंगामात, ऐन मोसंबीच्या दिवसांत, तीसुद्धा असं काही बोलेनाशी झाली होती. कारण तेव्हा रामेश्वर नुसता चुळबुळत नव्हता, तो घाबरला होता.

त्याचा जन्म मेंढरांच्या तळावरचा. दौलताबादच्या डोंगराखाली धनगराच्या घरात तो धाकटा. लोकरीची कातरणी झाली की तळावरचं प्रत्येक घर लाल रंगात बोट बुडवून आपापल्या मेंढ्यांच्या पाठीवर खूण काढायचं, म्हणजे दोघांची खांडं, दोघांचे कळप, एकमेकांत मिसळले तरी वाद नको. रामेश्वरच्या बापाची खूण म्हणजे दोन आडवी बोटं. त्यांच्या भावकीत एक रीत होती. भाऊ वेगळे निघाले की बापाची खूण थोरल्याकडं राहायची, आणि धाकट्यानं तीच घेऊन तिच्यात एक बोट वाढवायचं. ह्यात कुणी कुणाचं काही चोरलं असं कुणाच्या स्वप्नातसुद्धा येत नसे. उलट धाकट्यानं भलतीच खूण काढली तर लोक हळूच विचारायचे, पोराचं बापाशी काही बिनसलं होतं काय.

रामेश्वरला मात्र ते वाढीव बोट कधी मिळालंच नाही. तो शाळेत गेला, चित्रकलेच्या नादाला लागला आणि मेंढ्यांतला वाटा थोरल्या सोनाजीला सोडून शहरात आला. मेंढ्याच नाहीत तर खूण काढणार कशावर? बापानंही कधी विषय काढला नाही. रामेश्वर हसत हसत हे सांगतो, पण सांगतो फार वेळा.

शहरात तो गुलमंडीजवळच्या एका म्हाताऱ्या पेंटरकडं राहिला. सगळे त्यांना चाचा म्हणत. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही अक्षरं त्यांच्या हातात सारखीच वळायची. रामेश्वर शिडीवरही स्वस्थ उभा राहत नसे, तेव्हा चाचा खालून ओरडायचे, "अरे मियाँ, बोर्ड रंगने आया है कि पतंग उडाने?" पण शिकवलं त्यांनी मनापासून. पुढं रामेश्वरनं किराणा दुकानं, सलून, खताच्या एजन्सी, शाळा, किती पाट्या रंगवल्या त्याला गणती नाही. मग फ्लेक्स आलं आणि कुंचले वाळून कडक झाले. तो कंप्युटर शिकला, पडेगावात दुकान टाकलं, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करू लागला. शहराचं नाव बदललं तेव्हा तर पाट्या बदलून घेणाऱ्यांची रांग लागली होती. त्या धांदलीत त्यानं हातानं रंगवलेल्या होत्या नव्हत्या त्या पाट्याही भिंतींवरून उतरल्या. काही तर त्यानंच उतरवल्या, कारण नवीन काम त्यालाच मिळालं होतं.

एकच गोष्ट उरली. ती पुंडलिकरावांची.

पुंडलिकराव पाचोडचे बागायतदार. व्यापाऱ्याच्या हाती बाग न देता स्वतःच्या नावानं मोसंबी पाठवायची असं त्यांनी ठरवलं आणि ते रामेश्वरच्या दुकानात येऊन बसले. म्हणाले, "पेटीवर काहीतरी पाहिजे, पेंटर. लांबून वळखू आलं पाहिजे. हमालाला वाचता नाय आलं तरी कळलं पाहिजे."

रामेश्वरनं कंप्युटरवर पानाफुलांची, थेंब चमकणारी, डोळे मिचकावणारी मोसंबी करून दाखवली. पुंडलिकरावांनी मान हलवली. मग तो घरी काढत बसला. कंपासनं गोल काढला तर बांगडी दिसे, कुंचल्यानं काढला तर लाडू. वर देठ टाकला की फटाका व्हायचा. त्या दिवसांत रत्नमालाच्या धान्याच्या डब्यांवरसुद्धा गोल होते. शेवटी एका सकाळी त्यानं वैतागून डब्यातल्या ऑइल पेंटमध्ये बोट बुडवलं आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर एका दमात काढलं. खाली किंचित बसका गोल, वर जरासा उघडा ठेवलेला, आणि त्या फटीतून उजवीकडं निघालेला एक फटकारा. सुरुवातीला जाड, टोकाला विरत गेलेला. पुंडलिकरावांनी तो पुठ्ठा हातात धरला, लांब धरला, आणि म्हणाले, "हां. ही मोसंबी."

रामेश्वरचं आयुष्यात कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं. ती खूण पेट्यांवर चढली, क्रेटवर चढली, टेम्पोच्या मागच्या फळीवर चढली. काही काम नसताना तो फळबाजारात चक्कर टाकायचा, ते क्रेट पाहायचा आणि कुणाशी काही न बोलता परत यायचा.

पुंडलिकराव गेले. थोरला मुलगा इंद्रजीत कारभार पाहू लागला. तो हुशार, कागदपत्रांत पक्का. त्यानं त्या चित्राची कॉपीराइट नोंदणी करून घेतली. रामेश्वरनं सगळे हक्क इंद्रजीतच्या कंपनीला दिले असा कागद झाला, पण चित्राचा कर्ता म्हणून प्रमाणपत्रावर नाव आलं ते रामेश्वरचं. इंद्रजीतनं त्याला एक झेरॉक्स दिली. ती रामेश्वरनं चौकटीत बसवून दुकानात गल्ल्याच्या वर लावली. बॅनर न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती दिसली नाही तर तो काच पुसायच्या निमित्तानं दाखवायचा. सरकारनं मान्य केलंय, हे मी काढलंय, असं त्याचं म्हणणं. काच तशी रोजच पुसलेली असायची.

मग भाऊ वेगळे झाले. धाकटा ऋतुराज आपल्या वाट्याच्या बागेची मोसंबी वेगळी पाठवू लागला आणि एक दिवस दुकानात आला. म्हणाला, "काका, मी दादापासून येगळा निघालो. मला बी पेटीवर कायतरी करून द्या."

आणि इथं रामेश्वरनं जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही पेंटरनं केलं नसतं. त्यानं विचारसुद्धा केला नाही. पुंडलिकरावांची खूण घेतली आणि त्या फटकाऱ्याशेजारी आणखी एक फटकारा वाढवला. बापाची खूण, धाकट्याचं एक बोट. काम झाल्यावर त्याला इतकं समाधान वाटलं की त्यानं ऋतुराजला आग्रहानं चहा पाजला.

मोसंबीचा हंगाम सुरू झाला आणि इंद्रजीतच्या वकिलाची नोटीस आली. ऋतुराज ती घेऊन थेट दुकानात शिरला.

"काका, दादा म्हन्तो मी त्याचं चित्र चोरलं. पेट्या थांबवा म्हन्तो, नायतर कोर्टात खेचतो."

"चोरलं कसं? तू धाकटा ना?" रामेश्वर म्हणाला. "बापाची खूण हाय, तिच्यात एक बोट वाढवलंय. आनखी कसं करत्यात?"

ऋतुराजनं नोटीस परत उघडून त्याच्यापुढं धरली. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. बागायतदाराच्या घरात मोसंबीच्या झाडाला कुणी खूण काढत नाही. भाऊ वेगळे झाले की बांध पडतो, आणि बांधाच्या अलीकडचं ते आपलं, पलीकडचं ते दुसऱ्याचं. आपण धनगराची रीत बागायतदाराच्या पेटीवर काढली, आणि ती ज्यांच्यासाठी काढली त्या दोन्ही भावांना ती वाचताच येत नाही, हे रामेश्वरला त्या क्षणी कळलं.

ऋतुराजनं त्याला अदालत रोडवर आपल्या वकील श्रेयाताईंकडं नेलं. वयानं लहान, पण बोलणं मुद्द्याचं. त्यांनी दोन्ही पेट्यांचे फोटो पाहिले, नोंदणीचा कागद पाहिला आणि रामेश्वरला समोर बसायला सांगितलं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभाच राहिला.

"काका, ट्रेडमार्कचा वाद वेगळा चालेल, त्यात तुमचं काम नाही. आता प्रश्न कॉपीराइटचा आहे. आमचं म्हणणं असं की ह्या चित्रात कॉपीराइट नाहीच."

"नाय कसा? सरकारनं छापून दिलंय, नावासकट."

"नोंदणी झाली म्हणजे तो शेवटचा शब्द नसतो. कोर्टात त्याला आव्हान देता येतं. कॉपीराइट मिळायला त्या कामात थोडी तरी स्वतःची निर्मिती दिसावी लागते. नुसती मेहनत चालत नाही. इथं काय आहे? एक गोल आणि एक रेघ. गोल कुणा एकाला देऊन टाकला तर उद्या बाकीच्यांनी काढायचं काय?"

"नुसता गोल नाय तो. लई दिवस गेले त्याला."

"दिवस कायदा मोजत नाही, काका. कागदावर काय दिसतं ते बघतो."

रामेश्वरनं खुर्ची सोडली, खिडकीपाशी गेला, परत आला. "आन् कोर्ट म्हन्लं, कॉपीराइट हाय, तर?"

श्रेयाताईंनी लपवाछपवी केली नाही. "तर हक्क इंद्रजीतचा. तुम्ही तो लिहून दिलाय. मग तेच चित्र परत ऋतुराजला काढून देणं ही नक्कल झाली. ऋतुराज अडकेल, आणि तुमचंही नाव त्यात येईल."

म्हणजे ते चित्र खरोखर त्याचं असेल तर तो चोर. आणि तो चोर नसेल तर त्यानं कधी काही काढलंच नव्हतं. रामेश्वरनं हे मनात चारदा फिरवून पाहिलं. कुठूनही फिरवलं तरी तेच येत होतं.

श्रेयाताईंना त्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. चित्र साधं आहे, त्यात विशेष कला नाही, कुणीही सहज काढू शकेल असं आहे, हे खुद्द काढणाऱ्यानंच लिहून दिलं तर त्याला वजन येतं. रामेश्वर "बघतो" म्हणाला आणि जिना उतरताना दोन वेळा चुकीच्या मजल्यावर थांबला.

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतची गाडी दुकानासमोर उभी राहिली. तो रागानं नव्हता आला. उलट त्यानं चौकटीतल्या प्रमाणपत्राकडं पाहून नमस्कार केल्यासारखी मान लववली. रामेश्वरला तेवढ्यानंच भरून आलं.

"रामेश्वरभाऊ, तुमी कलाकार मानूस. तुमच्या कलेची किंमत आमच्या आबांना होती, मला बी हाय. त्या वकीलबाई म्हन्त्यात ती नुसती रेघ हाय. तुमी सांगा जजसाहेबांना, किती घाम गाळला ते."

"सांगतो की. पर दुसरं बी मीच काढलं ना, दादा."

"ते तुमाला फसवून काढून घेतलं," इंद्रजीत शांतपणे म्हणाला. "माझी परवानगी हाय असं ऋतुराज खोटं बोलला. एवढी एक ओळ लिहा. तुमच्या अंगाला कायच लागत नाय, आन् तुमचं नाव तिथं कायमचं राहतं."

तो गेल्यावर रामेश्वरनं शटर अर्धं ओढलं आणि मोटारसायकल काढली. मोह झाला नाही असं कोण म्हणेल? एक ओळ, आणि भिंतीवरचं नाव भिंतीवर राहणार. ऋतुराज तसाही कोण लागून गेला होता? दोन भावांचं भांडण, आज ना उद्या मिटेल. वाटेतल्या मिटमिटा गावाशी पोचेस्तोवर त्यानं ती ओळ मनात लिहूनही टाकली होती. दौलताबादच्या रस्त्याला लागल्यावर ती त्याच्यानं वाचवेना.

तळ डोंगराच्या उतरणीला होता. थोरला भाऊ सोनाजी मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण त्याच्या डोक्यात काही ते नीट उतरलं नाही.

"मंग तू केलं त्यात वाईट काय?" तो म्हणाला. "धाकट्याला एक बोट द्याचंच असतं."

"मला कुठं दिलं?"

सोनाजीनं मान वर केली. त्याला वाटलं धाकटा थट्टा करतोय. "तुह्या मेंढ्या कुठं हैत खूण काढाया?" असं म्हणून तो हसला आणि परत काट्याकडं वळला. वाईट हेतू त्याचा नव्हता. पण रामेश्वर तिथं चहालाही थांबला नाही.

घरी आल्यावर त्यानं श्रेयाताईंना आणि इंद्रजीतला काय काय लिहून हवंय ते रत्नमालाला सांगितलं, ह्या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या घालत. ती भाकरी थापत होती.

"इंद्रजीतच्या कागदात खोटं काय हाय?" तिनं विचारलं.

"ऋतुराजनं फसवलं, हे."

"आन् वकीलबाईच्या कागदात?"

"कुनीबी काढल, हे."

रत्नमालानं भाकरी तव्यावर टाकली. "मंग एका कागदात खोटं बोलून दुसऱ्याचं पोर अडकतंय, आन् दुसऱ्यात तुमी सोताला कमी म्हन्ताय. मला इचारलं तर मी काय सांगू? ते डबे मी पुसलेत, मला ठावं हाय किती गोल काढले ते." एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. रामेश्वरला तिचा राग आला. तिनं ठामपणे काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणजे त्याला तिच्यावर ढकलता आलं असतं.

आठवडाभर तो असाच भिरभिरत राहिला. एका लग्नपत्रिकेवर त्यानं नवऱ्या मुलीच्या जागी तिच्या मावशीचं नाव छापलं. गिऱ्हाइकानं शिव्या घातल्या त्या त्यानं मुकाट्यानं ऐकल्या. फळबाजारात गेला तर तिथं दोघा भावांचे क्रेट शेजारी शेजारी रचलेले. एका फटकाऱ्याचे आणि दोन फटकाऱ्यांचे. एकाच घरातले आहेत हे लांबून कळत होतं. इतकं बरोबर काम आपल्या हातून परत होणार नाही असं त्याला वाटलं, आणि तिथंच, हमालांच्या हाकाऱ्यात उभं असताना, त्याचं ठरलं. ऋतुराजवर खोटं घालायचं नाही. नाव जाईल तर जाईल. ठरल्यावर मन हलकं होतं म्हणतात, त्याचं काही झालं नाही.

अदालत रोडवर प्रतिज्ञापत्र तयार होतं. श्रेयाताईंनी ते वाचून दाखवलं. "सदर चित्र हे एक साधा गोल व एक रेघ एवढंच असून ते कोणीही सहज काढू शकेल." रामेश्वर मान हलवत होता. ऋतुराज बाजूला बसून कृतज्ञतेनं त्याच्याकडं पाहत होता.

"सोबत एक चित्र जोडू, कशाबद्दल बोलतोय ते कळायला," श्रेयाताई म्हणाल्या. फोटोची प्रिंट काळपट आली होती, म्हणून त्यांनी कोरा कागद ओढला, पेल्याचं बूड त्यावर ठेवलं, पेन फिरवलं आणि वर एक रेघ मारली. "हे असंच ना?"

रामेश्वरनं पाहिलं. गोल पुरता बंद होता. कुठं बसलेला नाही, कुठं उघडा नाही. रेघ त्याच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकलेली. ती मोसंबी नव्हती, ती काहीच नव्हती. त्यानं हात मागं बांधले, पण ते राहिनात.

"मॅडम, तुमी लिवलं ते राहू द्या. मी सही करतो. पन हे असं नाय ते." त्यानं टेबलावरचं अंगठ्याच्या शाईचं पॅड पुढं घेतलं, बोट दाबलं आणि त्याच कागदावर शेजारी काढलं. इतक्या दिवसांची तगमग त्या बोटात होती. गोल खाली बसला, वर उमलला, फटकारा त्या फटीतून निघाला आणि टोकाला विरून गेला. पुंडलिकरावांच्या पुठ्ठ्यावर होता त्याहूनही बरा झाला. रामेश्वरनं वर पाहिलं. हे पाहिल्यावर आता ह्या बाई तो कागद फाडून टाकतील, असं त्याला खरोखरच वाटलं होतं.

श्रेयाताईंनी कागद जवळ घेतला. त्यांनी ते टाळलं नाही. चष्मा वर करून पाहिलं, कागद उजेडाकडं धरला, एकदा आपल्या गोलाकडं, एकदा त्याच्या गोलाकडं पाहिलं. रामेश्वरला बरं वाटावं असं काहीतरी त्यांना बोलायचं होतं, हे दिसत होतं.

"खरं सांगू, काका? मला दोन्ही सारखीच दिसतात."

रामेश्वरनं ऋतुराजकडं पाहिलं. पुंडलिकरावांचा मुलगा, ह्याच खुणेच्या पेट्यांत वाढलेला. ऋतुराज कागदावर वाकला आणि बराच वेळ वाकून राहिला.

"सारखीच हैत, काका," तो म्हणाला. "तुमची जांभळी हाय तेवढंच."

बाहेर कुणीतरी पुकारा करत होतं, पंखा कागदांची टोकं उडवत होता. रामेश्वरनं शाईचं बोट रुमालाला पुसलं. कुणीही सहज काढू शकेल, ह्या वाक्यावर तो आठवडाभर अडला होता, कारण ते खोटं आहे अशी त्याची खात्री होती. आता त्यानं ते परत वाचलंही नाही.

"सही कुठं करू?"

"इथं. आणि वरती वयाच्या पुढं धंद्याची जागा मोकळी राहिलीय," श्रेयाताई पेन उचलत म्हणाल्या. "चित्रकार लिहू ना?"

"नाय," रामेश्वर म्हणाला. "दुकान लिवा."